तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेंच ओपन नदालने जिंकली चौदा वेळा, सँप्रासने एकदाही नाही, ते का?

मे महिना, म्हणजे या स्पर्धेचे दिवस, आले की हा प्रश्न ठरलेला. दोघेही टेनिसच्या एकेरीतले दादा; सँप्रासकडे एकूण 14 ग्रँड स्लॅम, नदालकडे नुसती फ्रेंच ओपनच 14. ही स्पर्धा मातीच्या कोर्टावर होते; त्या मातीत असं काय आहे?

मुळात ती माती नव्हेच. रोलां गॅरोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानावर, दिसतो तो विटांचा चुरा, जुन्या बांधकामात चुन्यात घालायचे ती सुरखीच म्हणा ना, आणि तीही जेमतेम 1-2 मिलिमीटर. खरं कोर्ट तिच्याखाली: चुनखडीचा दाबून बसवलेला सहा-सात सेंटीमीटरचा थर, मग जळक्या कोळशाचा खंगर, मग खडी. चुनखडी ओल धरते, जास्तीचं पाणी खालच्या थरांतून निघून जातं. पाणी कमी पडलं तर सुरखी उडते आणि पाय सटकतो; जास्त झालं तर चेंडू जड होतो, उसळीच मरते. सेट संपला की जाळी ओढून चुरा सारखा करतात, रेषा झाडतात, ते उगाच नाही.

या चुऱ्यावर चेंडू अडतो. पुढचा वेग घटतो, उसळी वाढते. सँप्रासची सर्व्हिस गवतावर सरपटत निसटायची. इथे ती परतवायला समोरच्याला वेळ मिळायचा. 1996ची उपांत्य फेरी, यापुढे तो गेला नाही.

नदालच्या फोरहँडला मिनिटाला सुमारे 3,200 फेऱ्यांचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी. त्यात डावखुरा, म्हणजे तिरका फटका उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडवर, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला, तोही खांद्याच्या उंचीला. तिथून एकहाती बॅकहँड जोरात मारून बघा! फेडरर इथे त्याच्याशी चार अंतिम सामने हरला. 2009मध्ये सॉडरलिंगने चौथ्या फेरीत नदालला पाडलं, कारण 1.93 मीटर उंचीच्या माणसाला तोच चेंडू सोयीचा. तो सपाट ठोकत राहिला.

पण सगळं श्रेय उसळीला देऊ नका. 2020ची स्पर्धा ऑक्टोबरच्या थंडीत झाली, चेंडू जड, अंतिम सामना छत बंद करून. तरी जोकोविच 6-0, 6-2, 7-5 हरला. तिथे पाय बघायचे. बरेच जण फटका मारून झाल्यावर घसरतात आणि परत यायला एक पाऊल जास्त टाकतात. नदाल घसरतच चेंडूपाशी यायचा, थांबता थांबता मारायचा, की लगेच मधे हजर.