सिंक सुटला आणि सापडला

आज सकाळपासून एका मुलाखतीच्या एडिटला बसले होते, मोबाईलवर शूट केलेली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ आणि आवाजाचा मेळ, म्हणजे सिंक, अगदी बरोबर, पण चाळिसाव्या मिनिटाला बाई बोलून थांबतात आणि आवाज येतच राहतो! तीन तास क्लिप कापून कापून सरकवत बसले, शेवटी रडकुंडीला येऊन एडिटर लोकांच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत एका दादांचा रिप्लाय, "फाइल मीडियाइन्फोमध्ये उघड, फ्रेम रेट मोड काय दाखवतंय बघ." मीडियाइन्फो म्हणजे फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स (चित्रं). बघते तर व्हेरिएबल, बदलता! म्हणजे मोबाईल मधेच फ्रेम्स कमी-जास्त करत होता. मग हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये टाकून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, फ्रेम रेट करून घेतला आणि सिंक शेवटपर्यंत हलला नाही. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत बरं का.

आणखी एकीनं सांगितलं की सेकंदाला २४ आणि २३.९७६ फ्रेम्स यांची गल्लत झाली तरी तासाला साडेतीन सेकंदांच्या वर फरक पडतो, हे तर मला माहीतच नव्हतं.

ज्यांना कधी भेटले नाही ती माणसं स्वतःची डेडलाइन बाजूला ठेवून स्क्रीनशॉट काढून समजावत होती, खूप भरून आलं. नवीन मुलामुलींनो, फुटेज आलं की टाइमलाइनवर टाकायच्या आधी फ्रेम रेट बघा आणि अडलात तर विचारा, लाजू नका.