बस चुकलेल्या दोघांची गोष्ट

टूर मॅनेजरच्या हातात माइक असतो, स्टेअरिंग नसतं. नऊ वर्षांत मला ते एकदाच धरावं लागलं, मॉरिशसमध्ये, ऑगस्टच्या ऐन गर्दीत.

ग्रुप छत्तीस जणांचा. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला. साऊथ टूरच्या सकाळी नेमकं हर्णेच्या काकांचं पोट बिघडलं, आणि काकूही थांबल्या. दोघांसाठी चौतीस जणांची बस अडवता येत नाही. स्थानिक गाईडच्या ताब्यात ग्रुप दिला आणि मी मागे राहिले. दहा वाजता काका ठणठणीत! "आता खोलीत बसून समुद्र बघू का? तो हर्णेलाही दिसतो." त्यांचंही खरं होतं.

ऑफिसला फोन लावला. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे साहेब जेवणाच्या तयारीत. "कर काहीतरी, तक्रार नको," एवढंच म्हणाले. हॉटेलातूनच एक छोटी ऑटोमॅटिक गाडी भाड्याने घेतली. ब्रिटिशांची कृपा, तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. बस डोंगरातून गंगा तलाव, शामारेल करत अडीचला दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्री ग्रीला येणार होती. आम्ही किनाऱ्याने जाऊन तिला तिथे गाठायचं ठरलं.

पाट्या वाचायचं काम काकूंनी घेतलं. बे द्यू काप या गावाची पाटी त्यांनी "बाई डू कॅप" अशी खणखणीत वाचली आणि वर विचारलं, "ही बाई कोण?" पण ते पुढे. त्याआधी तामारँची मिठागरं लागली, काळ्या दगडाच्या चौकोनी वाफ्यांची. मग दोन्ही बाजूंना उसाचे मळे, चिंचोळा रस्ता, आणि समोर ल मोर्नचा 556 मीटर उंचीचा काळा कडा. काका म्हणाले, "हा तर आपला गडच." पळून गेलेले गुलाम तिथे लपून राहायचे. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर निघाले, ते आपल्याला पकडायलाच येताहेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथले लोक सांगतात. बसमध्ये मी ही गोष्ट माइकवर दीड मिनिटात उरकते. त्या दिवशी गाडी बाजूला घेऊन सांगितली. काकू बराच वेळ वर बघत राहिल्या.

रस्त्यात एका मोपेडवाल्याकडे काचेच्या पेटीत ढोल पुऱ्या दिसल्या. चण्याची डाळ वाटून भरलेल्या, लुसलुशीत. एकावर एक दोन ठेवून, वर वालाची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. काकूंनी एक घास घेतला. "पुरणपोळीच आहे ही. गूळ घालायला विसरलेत." काकांना मी अर्धीच दिली.

ल मोर्ननंतर रस्ता समुद्राला चिकटूनच जातो. माकोंदेला तर तो खडकाला वळसा घालतो आणि खाली थेट पाणी. पण पाणी शांत. बेटाला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कडं आहे. लाटा तिकडे लांब फुटतात, पांढऱ्या रेघेसारख्या, आणि अलीकडे गुडघाभर हिरवं, निवांत पाणी. कोळ्याच्या घरात वाढलेल्या काकांना हे पटेना. "समुद्र कसला? तळं आहे हे."

ग्री ग्रीला ते कडं तुटलेलं आहे, हे मी सांगितलं होतं. शप्पथ सांगितलं होतं. पण मी गाडी लावून येईपर्यंत हे सद्गृहस्थ पॅण्ट दुमडून, चपला हातात घेऊन पायऱ्या उतरून खाली वाळूत! धोक्याची पाटी बाजूलाच. दक्षिणेकडून विनाअडथळा आलेली लाट काळ्या खडकावर आदळत होती, वारा असा की माझा आवाज मलाच ऐकू येईना. "काका, मागे या!" त्यांनी हात हलवला. अहो, समुद्र मला शिकवता?

तेवढ्यात वरून, शहाळी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "नको! नको! दर्या!"

काका जागच्या जागी थांबले. वळले. घोट्यापर्यंत आलेलं पाणी मागे सरकताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेलं आणि ते धपकन बसले. मी आणि एक पोरगा धावलो. पॅण्ट भिजली, एक चप्पल गेली, बाकी काही नाही. माझे पाय मात्र पुढे अर्धा तास लटपटत होते.

काकांना त्याचं काहीच नव्हतं. ते एका चपलेने तडक त्या म्हाताऱ्याकडे. "तुम्ही मराठी?" म्हाताऱ्याचा आजा की पणजा मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यावर मजुरीला आलेला. गाव विचारलं तर "रत्नागिरी" म्हणाला, पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. त्याची मराठी अर्धी क्रिओल, म्हणजे तिथली बोली, काकांची अर्धी कोळी. मला निम्मं कळत नव्हतं, त्यांचं अडत नव्हतं. गणपती किती दिवसांचा, विसर्जन कुठे, मासा कुठला मिळतो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे ऐकून काका असे खूश झाले, जणू ती त्यांनीच मंजूर केली होती.

अडीचला बस आली, फोटो काढून झाले, हेडकाउंट झाला. काका उठेनात. चौतीस लोक बसमध्ये, मागून कुणीतरी "मॅडम, शॉपिंग राहील" म्हणतंय. शेवटी काकूच गेल्या आणि हात धरून घेऊन आल्या. पैसे न घेता दिलेलं शहाळं काकांच्या दुसऱ्या हातात होतं.

रात्री रिपोर्टमध्ये 'उशीर : 40 मिनिटं' लिहिलं. कारणाच्या रकान्यात थोडा विचार करून 'चहापान' लिहिलं.