तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या प्रार्थना कशासाठी?

आम्हा ज्यू लोकांच्या दिवसात तीन वेळच्या प्रार्थना ठरलेल्या आहेत, वीज चमकली किंवा इंद्रधनुष्य दिसले तरी म्हणायची बराखा, म्हणजे आशीर्वचन, आहे. मग मराठीत नव्या प्रार्थना रचण्याचा खटाटोप कशासाठी, असे मला माझे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू समाजातले, नातेवाईकही विचारतात आणि शेजारीही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला. जन्मानंतर तीस दिवसही न जगलेल्या बाळासाठी आमच्यात परंपरेने शिवा, म्हणजे सात दिवसांचा शोक, पाळत नाहीत आणि कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, तीही म्हणत नाहीत. एके काळी घरोघरी इतकी बाळे दगावत की प्रत्येकासाठी शोक पाळायचा तर तो संपलाच नसता, असे त्याचे समर्थन केले जाते आणि ते मला पटतेही. पण ती आमच्या ठाण्याच्या स्वयंपाकघरात बसून, ‘मग मी काय म्हणू?’ असे विचारत होती आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री मी सात ओळी लिहिल्या. पहिली होती, ‘धन्य तू, हे परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा’. वर्षानुवर्षे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या मामांनी चष्मा पुसला आणि पेन्सिलीने नेमकी तीच ओळ खोडली. आमच्या प्राचीन धर्मपंडितांनी न ठरवलेल्या प्रसंगी देवाचे नाव घेऊन बराखा म्हटली तर ते नाव व्यर्थ घेतल्यासारखे होते, मग ती मराठीत का असेना, असे त्यांचे म्हणणे होते. मी थोडी हिरमुसले. पण तोडगाही त्यांनीच सुचवला. तिच्या हातावर एक खजूर ठेवायचा, म्हणजे झाडाच्या फळाची जुनी बराखा हक्काने म्हणता येते. तो खाऊन झाला की बायबलमधल्या १४७व्या स्तोत्रातली भग्नहृदयांना बरे करणाऱ्याची आणि त्यांच्या जखमा बांधणाऱ्याची ओळ म्हणायची, आणि मग माझ्या उरलेल्या सहा ओळी. तसेच केले. तिने खजूर बराच वेळ नुसता हातात धरला होता.

आता असे काही नवे रचण्याच्या अधिकाराविषयी. आमचा मलिदाच घ्या. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, भोवती फळे आणि एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गाणे. नवस फेडताना किंवा लग्नाआधी आमच्या घरी हे ताट नाही असे होत नाही, आणि ते इतर ज्यू समाजांत सापडत नाही. कोकणातल्या कोणीतरी जुन्या बराखा घरच्या पोह्यांभोवती मांडल्या, इतकेच. त्यातसुद्धा खजुराची बराखा वेगळी आणि केळ्याची वेगळी, कारण केळीला झाड धरत नाहीत! भाषेची अडचण तर नाहीच. शेमा, म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही, आणि जेवणानंतरची आभारप्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येते, असे मिश्ना हा आमचा प्राचीन नियमग्रंथच सांगतो, आणि आमच्याच समाजातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकातच हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन या मुलीची बात मित्झ्वा, म्हणजे मुलगी धर्माच्या दृष्टीने सज्ञान झाल्याचा विधी, झाली, तेव्हा ती गोष्टही नवीच होती, आणि पुढे मुलींच्या नामकरणाचे, आजारपणाचे, घटस्फोटाचे विधी रचले गेले. त्यांतले काही मला फार आवडतात. मात्र पुष्कळ प्रार्थना भावना समजावून सांगत बसतात, आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्याला त्याची भावना समजावून सांगण्याची गरज नसते. म्हणून मी सहा-सात ओळींच्या पुढे जात नाही.

मागच्या वर्षी मामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ज्यांनी माझी ओळ खोडली होती त्यांनीच, डोळ्यावरची पट्टी निघेल त्या सकाळसाठी काहीतरी लिही, असा निरोप पाठवला. मी लिहिले नाही. ‘आंधळ्यांना दृष्टी देणारा’ ही बराखा रोजच्या सकाळच्या प्रार्थनेतच आहे, हे मी त्यांना फोनवर सांगितले. मामा क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘अगं, ती तर मी साठ वर्षं म्हणतोय.’