आमची वाटचाल : टी, दांडा आणि चार इंच

आम्ही बॅट बनवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण निम्मे फोन त्यासाठीच येतात. बॅटसाठी मेरठ आहे, जालंधर आहे. पोलोग्राउंडच्या आमच्या शेडमध्ये तयार होतं ते सॉफ्टबॉल-बेसबॉलचा स्विंग घोटून घेण्याचं सामान : बॅटिंग टी (चेंडू ठेवून मारायचा उभा खांब), एका हाताची आखूड बॅट, सरावाची जाळी आणि टकटक दांडा. शेवटच्याचं बारसं आम्ही केलेलं नाही, मैदानावरच्या मुलींनी केलं. कॅटलॉगात त्याचं नाव वेगळं आणि भारदस्त होतं. त्या नावाने आजवर एकही ऑर्डर आलेली नाही.

होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकलेल्या या गावात हा धंदा करायचा म्हणजे आधी क्रिकेटशी मांडवली करावी लागते. इंदूरचं मूल सॉफ्टबॉलला येतं ते क्रिकेटचे हात घेऊन. बॅट तळव्यात घट्ट धरलेली, पुढचं कोपर वर, बॅट सरळ रेषेत खाली आणायची सवय, आणि चेंडू जिकडे येईल तिकडे पुढचा पाय. सॉफ्टबॉलला यातलं बरंच उलटं हवं. मूठ बोटांत हवी, दार ठोठावताना जी पेरं पुढे येतात ती दोन्ही हातांची एका ओळीत. पाऊल पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, चेंडूकडे नाही. कंबर आधी फिरते, हात मागे राहतात आणि शेवटी सुटतात. परदेशी सामान ज्यांच्यासाठी घडवलेलं असतं, त्या मुलांना हे मोडायचं नसतं. आमच्या मुलांना मोडायचं असतं. आमच्या प्रत्येक वस्तूचं माप या फरकातून आलेलं आहे. ज्यांनी माप उचललं आणि फरक उचलला नाही, त्यांच्याविषयी पुढे.

सुरुवात टीपासून झाली. टीचा पाइप लोहामंडीत कुणीही कापून देतो. टीचा जीव तिच्या मानेत असतो. वरच्या रबरी शंकूला आम्ही मान म्हणतो. नैसर्गिक रबर, त्यात काजळी, कडकपणा शोर ए ५५च्या आसपास, साच्यात १५० अंशांना दहा-बारा मिनिटं. ४५च्या खाली गेलात की मान चेंडूच्या वजनाने कलते, कारण बारा इंची सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅमचा असतो. ६५च्या वर गेलात की मानेला बॅट लागल्यावर हाताला झिणझिण्या येतात. मग मूल शहाणं होतं आणि रबर चुकवायला चेंडूच्या वरच्या अंगावर मारू लागतं, आणि सगळे फटके जमिनीवर. प्रशिक्षक मुलाला ओरडतो, दोष रबराचा असतो. जुन्या टायरचं रबर मिसळलं की किलोमागे पैसे सुटतात, पण अशी मान एका मोसमात तळाशी, पाइपवर चढते तिथेच फाटते. नव्या मानेवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. तो वर आलेला गंधक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

पाइप ॲल्युमिनियमचा, ६०६३ प्रतीचा : बाहेरचा सव्वा इंची १६ गेजचा, आतला एक इंची, मध्ये नायलॉनचा बुश. उंची कमी-जास्त करता येते. टी आपोआप खाली बसू लागली तर पाइप बदलू नका, बुश बदला. आणि तेल अजिबात घालू नका. ही टी घर्षणावरच उभी असते. तेल घालून परत पाठवलेल्या टीचं भाडं आम्ही देत नाही.

टी चालली. मधली वर्षं बरी गेली. पुढे.

दांडा मात्र समजावून सांगायला हवा, कारण सगळं भांडण त्याचंच आहे. ३० इंचांची स्टेनलेसची नळी, १६ मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर सरकणारा लोखंडी गोळा : बाहेरून २६ मिलिमीटर, आतून १६.४, लांबी ४४, वजन ११० ग्रॅम. मुठीच्या वर एका गळपट्टीत एन-३५ प्रतीचं कड्याच्या आकाराचं चुंबक; गोळा त्याला चिकटून बसतो. दांडा फिरला की गोळा बाहेर ओढला जातो, ओढ चुंबकाला भारी पडली की सुटतो आणि थांब्यावर आपटतो. टक. दांडा उभा धरला की गोळा घसरून परत जागेवर. सगळं मिळून सव्वासहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे २२ औंसांच्या बॅटीएवढं.

फिरण्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणून चुंबकाची पकड नेमकी लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलींसाठी आम्ही ती दोन किलोवर ठेवतो, मोठ्यांसाठी साडेतीनवर. चुंबक तेच, फरक गोळा आणि चुंबक यांच्यामधल्या पितळी वॉशरचा. ०.३ मिलिमीटरचा एक वॉशर वाढवला तरी पकड काट्यावर दिसेल इतकी उतरते. नळी स्टेनलेसचीच का, असं विचारणारे भेटतात. ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त नाही का? आहे. पण ते मऊ असतं. लोखंडी गोळा त्यावर चरे पाडतो, मग अडखळत जातो आणि टक ऐवजी थप् असा आवाज येतो.

आता चार इंच. गोळा सुटतो ती जागा आणि आवाज येतो ती जागा एक नसते. गोळा थांब्यापर्यंत पोचेतो दांडा पुढे फिरलेला असतो. चार इंचांचा प्रवास ठेवला तर साधारण ४० अंश. हे धरूनच आमचा थांबा बसवलेला आहे : आवाज पुढच्या गुडघ्याच्या पुढे आला तर वेग योग्य जागी पोचला. कानामागे किंवा मागच्या खांद्यापाशी आला तर हात लवकर सुटले, मनगट आधीच वळलं. आवाजच आला नाही तर एक तर ताकद कमी, नाही तर गोळा मोठ्यांच्या वॉशरवर आहे.

आमच्याच गावातल्या एका पुरवठादाराने बाहेरगावच्या ऑर्डरसाठी म्हणून नमुन्याचे दांडे नेले. पुढच्या उन्हाळी शिबिरांच्या आधी बाजारात सोनेरी दांडा आला, निम्म्या किमतीत. सोनेरी मुलामा, रंगीत फोमची मूठ, खोका आमच्यापेक्षा देखणा. हे मान्य करायला आमची हरकत नाही. खोका खरंच देखणा होता.

आत काय होतं ते सांगतो. चुंबकाच्या जागी स्प्रिंगवर बसलेली छर्ऱ्याची खिटी. खिटी गोळ्यात खाच पाडत जाते आणि जशी खाच झिजते तशी पकड उतरते. एका शिबिरातच निम्मी. आवाज मोठा यावा म्हणून प्रवास नऊ इंचांचा केलेला. दुकानात दांडा फिरवून दाखवताना हाच खणखणीत वाटायचा. पण नऊ इंचांत दांडा आणखी कितीतरी पुढे जातो. म्हणजे ज्या मुलीचे हात मागच्या खांद्यापाशीच सुटले, तिलाही आवाज समोर ऐकू यायचा. वाईट स्विंगला शाबासकी देणारं अवजार! शिबिर संपेपर्यंत ती सवय पक्की, आणि खऱ्या चेंडूवर फटका शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, पायाशी.

टोकाची टोपी प्लास्टिकची, नुसती डिंकवून बसवलेली. आमच्या थांब्यातून चार मिलिमीटरची स्प्रिंग पिन आरपार जाते. ती ठोकायला ड्रिल, जिग आणि एक शहाणा माणूस लागतो. डिंकाला यातलं काही लागत नाही. एका शिबिरात टोपी निघाली आणि लोखंडी गोळा जाळीत जाऊन बसला. जाळी होती म्हणून बरं.

दुकानदारांच्या लेखी मात्र दोन्ही दांडे सारखेच. एका मोठ्या खरेदीत तपशिलाच्या रकान्यात फक्त ‘आवाज करणारा स्विंग ट्रेनर, लांबी ३० इंच’ एवढंच लिहिलेलं होतं. पकड किती, प्रवास किती, थांबा कशाने बसवला, काही नाही. सर्वात कमी दर ज्याचा त्याचा माल. आम्ही पत्र लिहिलं, नकाशा जोडला, उत्तर आलं नाही. मग नाराज प्रशिक्षकांचे दांडे परत येऊ लागले आणि एकाच गोणीत दोन्ही येऊ लागले. सोनेरी दांड्यांचे पैसेसुद्धा आमच्याकडे मागणारे निघाले. चुंबकांचे पैसे आगाऊ गेलेले, दुकानदारांकडची उधारी अडकलेली, शेडचं भाडं थकलेलं. मोठा लेथ विकला. त्यातून सावरतो तोच २०२०चा मार्च आला आणि मैदानंच बंद झाली. तो पुरवठादार तोवर बॅडमिंटनच्या शटलकडे वळलेला होता.

या काळात एक गिऱ्हाईक हललं नाही. चिमणबागेजवळ मुलींना शिकवणाऱ्या एका ताई. पहिल्या टी त्यांनीच घेतल्या होत्या. त्यांनी कधी सूट मागितली नाही, कधी उधारीही ठेवली नाही, आणि माल तपासल्याशिवाय कधी सहीही केली नाही. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता वजनकाटा त्या गोळ्याला अडकवून हळूहळू ओढतात, सुटला त्या क्षणी आकडा वाचतात आणि वहीत दांड्याच्या नंबरापुढे लिहितात. आमच्याकडे आज प्रत्येक दांड्यावर नंबर आणि पकड कोरलेली असते ती या वहीमुळे.

सकाळी बरोबर वाजणारा दांडा संध्याकाळी लवकर वाजतो, हेही त्यांनीच पकडलं. मैदानावरच्या मुरुमात मॅग्नेटाइटचे कण असतात. माळव्याचा दगड बेसॉल्ट, तेव्हा असायचेच. दांडा जमिनीवर टेकवला की ते चुंबकाला चिकटतात, गोळा आणि चुंबक यांत फट वाढते, पकड उतरते. मुलीचा स्विंग तोच, आवाज मात्र मागे. फडक्याने हे कण निघत नाहीत, नुसते पसरतात. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचला, दोन-तीनदा. आता खोक्यात पट्टीचं छोटं रीळ देतो. पैसे अडले त्या मोसमात ताईंनी पुढच्या शिबिराची रक्कम आधीच दिली, पावतीवर ‘माल मिळाल्यावर तपासून’ असं लिहून.

आता थोडं न विचारलेलं. बॅटवर वजनी कडं चढवून फिरवायची आणि मग लगेच मैदानात उतरायचं, हे बंद करा. कडं काढल्यावर बॅट हलकी वाटते, पण वेग वाढलेला नसतो. तपासण्यांमध्ये तो बहुधा उतरलेलाच दिसतो. जड-हलक्या बॅटीचा सराव करायचा असेल तर स्वतःच्या बॅटीच्या वजनाच्या दहा-बारा टक्क्यांच्या आतच राहा. त्यापलीकडे स्विंगचा घाटच बदलतो.

टी होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापुढच्या सपाट पाटीच्या, मधोमध ठेवू नका. टीचं बूड प्लेटच्या आकाराचं असलं की हाच घोटाळा होतो. मूल बुडाच्या शेजारी उभं राहतं आणि चेंडू पोटासमोर मारतं. आमचं बूड म्हणून गोल आहे, पाच किलोचं. सतरा इंचांची प्लेट वेगळी टाका, उभं राहण्याची जागा तिच्यावरून ठरवा, मग टी हलवा. मधल्या चेंडूसाठी पुढच्या पावलाच्या रेषेत, आतल्यासाठी त्याच्याही पुढे, बाहेरच्यासाठी मागे. जाळी पाच-सहा फुटांवर आणि ढिली. ताणून बांधलेली जाळी चेंडू तोंडावर परत फेकते. खालची कड हातभर जमिनीवर लोळू द्या.

दांडा एका वेळी सहा-आठदाच फिरवा, लगेच खऱ्या बॅटने टीवर तेवढेच फटके, मग विश्रांती. नुसता दांडा फिरवत बसलं की मूल आवाजासाठी खेळायला लागतं. फिरवताना सभोवार दहा फूट मोकळे. उन्हात तापलेली स्टेनलेसची नळी मे महिन्यात उघड्या हाताने धरू नका. चुंबकाला ८० अंशांपर्यंत काही होत नाही, हाताला होतं.

सॉफ्टबॉल २००८ नंतर ऑलिंपिकमधून गेलं, टोकियोला आलं, पॅरिसला पुन्हा वगळलं गेलं, आता लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये परत येतंय, आणि या खेपेला क्रिकेटही सोबत आहे. त्यामुळे चौकशा वाढल्यात. नवीन मंडळींसाठी दुरुस्तीचे नियम : वॉशर आणि बुश फुकट, टीची मान निम्म्या दरात, वाकलेली नळी दुरुस्त होत नाही. दांडा पाठवताना नंबर कळवा. नंबर नसलेला, सोनेरी, नऊ इंचांचा दांडा पाठवलात तर तो तुमच्या भाड्याने परत येईल. त्याला पिन मारून द्या अशी विनंती कृपया करू नये, ती नळी पिन पेलण्याइतकी जाडच नाही.