आमची वाटचाल : मालक दोन, खेळपट्टी एक

आमचा धंदा मैदान राखण्याचा. खेळपट्टी, आउटफिल्ड, निचरा, स्प्रिंकलर, कापणी. एकच स्टेडियम आम्ही आधी सार्वजनिक मालकीत सांभाळलं आणि पुढे ते चालवण्यासाठी खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेलं तेव्हाही सांभाळलं. ‘सरकारी बरं की खासगी?’ असं कोणी विचारलं की आमचा उलटा प्रश्न असतो : मैदानाच्या मातीचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षात आहे का? नसेल तर पाटीवर कोणाचंही नाव असू दे, पहिली कात्री तिथेच लागते.

सार्वजनिक मालकीत फाटक उघडं असायचं, शाळांचे संघ हक्काने यायचे. बिलं मात्र मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेलं काम मोजून नोंदवायच्या वहीत, अडकायची. ही पुस्तिका बांधकामासाठी बनलेली आहे. भिंत मोजता येते, पण कापलेलं गवत कसं मोजणार? चार दिवसांनी मोजायला आलेल्या अभियंत्याला ते वाढलेलंच दिसतं. रील मोवर म्हणजे फिरतं रील आणि खालचं स्थिर पातं यांच्यात कात्रीसारखं गवत कापणारं यंत्र. त्याच्या पात्यांना धार लावणं ही बाबही दरसूचीत नव्हती. धार बोथट झाली की गवत कापलं जात नाही, चिरडलं जातं. टोकं पांढरी पडतात आणि लांबून मैदान करपल्यासारखं दिसतं. धार तपासायची तर रील आणि खालचं पातं यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून रील हाताने फिरवायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. हा कागद आजही आमच्या प्रत्येक माणसाच्या खिशात असतो.

आमची कंबर मोडली ती हस्तांतराच्या वेळी. ताबा बदलला त्या दिवसापर्यंतची संयुक्त मोजणी झालीच नव्हती. जुन्या मालकाने सांगितलं, ‘काम आता नव्यांकडे.’ नवे म्हणाले, ‘थकबाकी आमची नव्हे.’ सुरक्षा ठेव दोन कार्यालयांच्या मधोमध लटकली. हंगाम तोंडावर होता आणि मोवरचे सुटे भाग आणायलाही पैसे नव्हते. तेव्हा तरलो ते शेजारच्या एका छोट्या क्लबच्या सेक्रेटरींमुळे. सरावाच्या दोन खेळपट्ट्या, एक जुना रोलर, एवढंच काम, पण पैसे दर महिन्याला वेळेवर. त्यांची अट एकच : रोलरवर माणूस बदलायचा नाही. अट शहाण्याची होती. रोलिंग वजनापेक्षा ओलाव्यावर चालतं. माती अंगठ्याला चिकटली तर रोलर लावायचा नाही, कारण ओली माती ड्रमपुढे लाटेसारखी सरकते. पार सुकली तर ती दबतच नाही. आधी हलका रोलर, मग जड, तोही संथ चालीने. कालचा ओलावा ज्याच्या हाताला आठवतो, त्यालाच आजची वेळ कळते.

तेवढ्यात मुख्य मैदानाचा ठेका सर्वात कमी दराने दुसऱ्याला गेला. नाव घेत नाही. दर पाहूनच कळलं होतं की या पैशात योग्य माती येणार नाही. त्याने हंगामानंतर खेळपट्टीवर दुसऱ्याच जातीची, कमी चिकणी माती पसरली. वरून देखणी दिसत होती. दोन मातींचं फुगणं आणि आकसणं वेगळं असतं, त्यामुळे सुकताना मध्ये आडवी फट पडते, मुळं तिथेच थांबतात आणि चेंडू कधी उसळतो, कधी घोट्याएवढाच राहतो. पुढे आम्हाला परत बोलावलं तेव्हा पोकळ नळी ठोकून मातीची कांडी काढली. वरून दोन बोटं खाली ती बिस्किटासारखी मोडली आणि मोडलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. अशा वेळी वरून कितीही रोलर फिरवा, फट मिटत नाही. फटीच्या खालपर्यंत खोदायचं, तळ दाताळ्याने खरवडायचा, मूळच्याच जातीची माती पातळ थरांनी भरायची आणि पुढचा थर टाकण्याआधी आधीचा थर दाबून पुन्हा खरवडायचा. २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद पट्ट्यात हे काम उरकत नाही, मुरावं लागतं. त्याने वाचवलेले पैसे एकाच खोदाईत गेले, आणि तेही आमच्या नव्हे, मालकाच्या खिशातून. असो.

पुढची काही वर्षं सुरळीत गेली.

खासगी कंपनी बिलं वेळेवर देते, हे मान्य केलंच पाहिजे. पण तिला रिकामा शनिवार बघवत नाही. कोणाचं मैदान आणि कोणाचा हक्क, हे भांडण जुनंच आहे : मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम खासगी क्लबच्या मालकीचं, तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट संघटनेशी बिनसलं, आणि चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. १९७५ साली तिथे पहिली कसोटी झाली. आमच्याकडे भांडण तिकिटांचं नव्हतं, मंचाचं होतं. संगीताचा कार्यक्रम ठरला की आउटफिल्डवर ट्रक येतो, मंचाचे पाय रुततात, प्लास्टिकचं फ्लोअरिंग दोन-तीन दिवस तसंच राहतं. उन्हात त्याखाली गवत शिजतं. पिवळेपणा दिसतो म्हणून सगळे त्याचीच चिंता करतात, पण हरळी परत फुटते. दबलेली माती तशी सुटत नाही. माती किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा साधारण २ मेगापास्कलच्या वर गेला की मुळांना खाली जाणं जड होतं. मग ७५ ते १०० मिलिमीटर खोल पोकळ दातांनी भोकं पाडायची, निघालेल्या कांड्या उचलायच्या, भोकांत वाळू झाडूने लोटायची. कांड्या तिथेच सोडल्या तर पुन्हा चिकणमातीचा लेप बसतो.

याहून जास्त छळतात ते स्क्रू. मंच सुटल्यावर गवतात एखादा राहतोच आणि मोवरच्या खालच्या पात्याला खाच पडते. मग पूर्ण मैदानभर न कापलेल्या गवताची एक बारीक रेघ मोवरमागे उठत जाते, आणि प्रेक्षकांत बसलेला मालक नेमकी तीच पाहतो. कार्यक्रमानंतर चुंबकाचा दांडा ओढल्याशिवाय आम्ही मोवर आत नेत नाही.

विचारलं नाही तरी सांगतो. तुमच्या गावच्या स्टेडियमच्या मालकीचा वाद चालू असेल तर करारातली चार कलमं आधी वाचा. ताबा बदलण्याच्या दिवशी संयुक्त मोजणी आणि थकबाकी कोणाकडे, हे लिहिलंय का? प्रत्येक कार्यक्रमानंतर मैदानाला विश्रांतीचे दिवस राखलेत का? दुरुस्तीची अनामत कार्यक्रमाआधी जमा होते की नंतर मागावी लागते? आणि शाळांचे तास आकड्यात आहेत की ‘शक्य तेव्हा’ असं आहे? आम्ही ‘शक्य तेव्हा’वाल्या करारावर काम केलंय. ते कधीच शक्य होत नाही.

आता आमच्या दरपत्रकात पात्यांची धार ही वेगळी ओळ असते. सार्वजनिक मालक ती खोडतो, खासगी मालक तिच्यावर घासाघीस करतो. आम्ही ती पुन्हा लिहून पाठवतो.