पाटीखालचा धूर
आज दुपारी वडिलांना घेऊन एका उपाहारगृहात जेवायला गेलो होतो. त्यांना दम्याचा त्रास असल्यामुळे ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे’ ही पाटी पाहूनच आम्ही आत बसलो. पण त्याच पाटीखालच्या टेबलावर एक गृहस्थ निवांतपणे सिगारेट ओढत होते. मालकांना सांगितल्यावर ते ओशाळले आणि हळू आवाजात म्हणाले, “रोजचं गिऱ्हाईक आहे हो, दुखवून कसं चालेल?”

त्यांची अडचण मला समजत नाही असे नाही. मात्र मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून उपाहारगृहे व कार्यालयांना लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी मालकावरही टाकली. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवण्याची मुभा त्यांत आहे. इथे तसा कक्ष नव्हता. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंतच, म्हणजे आमच्या दोन थाळ्यांहूनही कमी.

‘हा माझ्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे,’ असे त्या गृहस्थांनी जाता जाता ऐकवले. घरी किंवा मोकळ्या मैदानात त्यांनी ते जरूर उपभोगावे. बंद खोलीतला धूर मात्र टेबलांच्या सीमा पाळत नाही. वडिलांनी भात अर्धवटच टाकला आणि आम्ही उठलो.