केंटकीत बर्बन चाखताना: लोरेटो, फ्रँकफर्ट आणि बार्ड्सटाउन

अमेरिकेत सिनसिनाटीला मावसभावाकडे गेलो होतो, तिथून आम्ही दोघं ऑक्टोबरात गाडीने शेजारच्या केंटकी राज्यात बर्बन चाखायला गेलो. मुक्काम बार्ड्सटाउनला केला आणि तुम्हीही तोच करा. लुइव्हिल मोठं शहर, विमानतळही तिथेच आणि अंतर साधारण 65 किलोमीटर. पण दिवसभर चाखून झाल्यावर गाडी काढायला न लागता चालत जेवायला जाता येणं ही बार्ड्सटाउनची खरी सोय आहे.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. बर्बन ही मुख्यतः मक्याची व्हिस्की. ती अमेरिकेतच बनलेली हवी, केंटकीचीच हवी असं नाही. धान्यात किमान 51 टक्के मका, मुरवायला आतून जाळलेली नवी ओकची पिंपं आणि वरून रंग किंवा स्वाद घालायचा नाही. म्हणजे बाटलीतला तो तांबूस रंग सगळा लाकडाचा. पिंप बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात. आपल्या गोव्यातली पॉल जॉन व्हिस्कीही अशाच पिंपांत मुरते. पॉल जॉनमधला व्हॅनिलाचा गोडवा ज्यांना आवडतो, त्यांना केंटकीत त्याचं मूळ सापडेल.

लोरेटोची मेकर्स मार्क डिस्टिलरी आधी बघा. बार्ड्सटाउनहून अर्ध्या तासाचा रस्ता, दुतर्फा शेतं. बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय (गव्हासारखं एक धान्य) असते, इथे तिच्या जागी गहू. आंबवणाच्या टाक्यांपाशी आंबिलीसारखा आंबूस वास येतो. पण जास्त वेळ गोदामात घालवा. दार उघडलं की ओलं लाकूड, कॅरमल आणि दारू यांचा एकत्र वास अंगावर येतो. साधारण 200 लिटरची पिंपं मजल्यांवर मजले रचलेली. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत लाकडाचा रस घेऊन परत येते. वरच्या मजल्यावर उकाडा जास्त, म्हणून तिथलं पिंप लवकर मुरतं आणि लाकडाची चव जास्त धरतं. एकाच दिवशी, एकाच धान्यापासून भरलेली दोन पिंपं अशी वेगळी होत जातात. दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो, त्याला तिथे ‘एंजल्स शेअर’ म्हणतात. गोदामांच्या भिंती आणि आसपासच्या झाडांची खोडं काळी दिसतात ती या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीमुळे. गाइडला कुठला मजला, किती वर्षं, हे जरूर विचारा. मनापासून सांगतात.

फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीची सफर फुकट असते, पण आगाऊ बुकिंग केल्याशिवाय निघू नका. इथे हिवाळ्यात गोदामं वाफेने गरम ठेवतात. 2006 च्या वादळात एका गोदामाचं छप्पर उडालं आणि पिंपं उघडी पडली. ती दारू पुढे खास बाटली म्हणून विकली गेली.

आता पिण्याचं. आपल्याकडे व्हिस्की म्हटलं की सोडा, बर्फ आणि चकणा. ते घरी चालू द्या, पण चाखताना आधी ‘नीट’च, म्हणजे काही न मिसळता घ्या. ग्लास हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. पहिला छोटा घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, मत बनवायचं ते दुसऱ्या घोटावर. मग पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि फरक बघा. सगळ्यात जास्त शिकवणारी जोडी म्हणजे मेकर्स मार्क आणि फोर रोझेसची सिंगल बॅरल (एकाच पिंपातून भरलेली). दुसरीत 35 टक्के राय आहे. पहिली मऊ, गोडसर. दुसरी मिरीसारखी तिखट, घशात रेंगाळणारी. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात की धान्याचा फरक आयुष्यभर ओळखाल.

दुर्मिळ बाटल्यांच्या मागे धावू नका. दुकानात ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ हे शब्द शोधा. 1897 च्या कायद्यानुसार ती एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान 4 वर्षं मुरलेली आणि 100 प्रूफ, म्हणजे 50 टक्क्यांची असते. माझ्या मते पैशाला सर्वांत जास्त जागणारी बर्बन हीच.

दिवसाला दोन डिस्टिलरी पुरे. तिसरीत जीभ काम करत नाही. भरपेट नाश्ता करून निघा, पासपोर्ट जवळ ठेवा (वय 21 पूर्ण लागतं) आणि गाडी कोण चालवणार ते सकाळीच ठरवा. त्याने त्या दिवशी फक्त वास घ्यायचा. आम्ही पाळी लावली होती. भारतात परतताना माणशी 2 लिटर ड्यूटी-फ्री आणता येते. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. बॅरल प्रूफ (पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेची) घेत असाल तर लेबल वाचा: 70 टक्के अल्कोहोलच्या वरची बाटली विमानात नेता येत नाही.